‘नाइस’ शब्दाची कुळकथा

इंग्रजी भाषेतील जे शब्द आपल्या घरांचा उंबरठा ओलांडून आत आले आणि सरळ पाटावर जाऊन बसले, त्यांत ‘नाइस’ या शब्दाचा मान मोठा आहे. साडी नाइस, चहा नाइस, व्याख्यान नाइस आणि व्याख्याते गृहस्थही नाइसच! इतक्या भिन्न वस्तूंवर एकच मोहोर उठविणाऱ्या या शब्दाचे कूळ कोणते, आणि त्याच्या सहवासाने आपल्या बोलण्याचे काय होते, याचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

कुळाचा शोध घेऊ जाता प्रथम आश्चर्यच वाटते. लॅटिन भाषेत ‘नेस्कियुस’ म्हणजे अजाण. ‘ने’ म्हणजे नाही व ‘स्किरे’ म्हणजे जाणणे. ज्या धातूपासून ‘सायन्स’ हा शब्द निघाला, त्याच धातूचे हे नकारार्थी अपत्य होय. जुन्या फ्रेंच भाषेतून हा शब्द इंग्रजीत उतरला, तेव्हा त्याचा अर्थ चक्क मूर्ख असा होता. पुढे मूर्खाचा नखरेल झाला, नखरेलाचा चोखंदळ झाला आणि चोखंदळाचा सूक्ष्म व काटेकोर झाला. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्यूलिएट’ नाटकात एका पत्राच्या संबंधात हा शब्द आला आहे, तो तर क्षुल्लक या अर्थाने. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात अचूक, काटेकोर, नाजूक असे त्याचे अर्थ दिलेले आढळतात. मनास बरे वाटणारे ते सर्व ‘नाइस’, हा आजचा सैल अर्थ अठराव्या शतकात बळावला. तथापि जुना अर्थ अगदीच मेला नाही. दोन गोष्टींमधील अतिसूक्ष्म भेदास इंग्रजीत आजही ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणतात.

अशा स्थित्यंतराबद्दल इंग्रजीस हसण्याचे आपणांस कारण नाही. संस्कृतात ‘साहस’ म्हणजे बळजोरी, अविचाराचे कृत्य. धर्मशास्त्रकारांनी तर त्याची गणना अपराधांत केली. आज मराठीत साहसाबद्दल मुलांचा सत्कार होतो. शब्दांचे अर्थ बदलतात, तसे ते बदलणारच. त्यास भ्रष्टता म्हणणे आम्हांस मान्य नाही.

परंतु या शब्दाविरुद्धची खरी तक्रार निराळी आहे, आणि ती विनोदाने मांडण्याचे काम जेन ऑस्टेन या कादंबरीकर्त्रीने मोठ्या नजाकतीने केले. तिच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या अखेरीस, प्रसिद्ध झालेल्या ‘नॉर्थॅंगर ॲबी’ या कादंबरीत नायिका एका रोमांचकारी कादंबरीची ‘नाइस’ म्हणून वाखाणणी करते. त्यावर नायक तिची थट्टा करितो की, टापटीप हा त्या शब्दाचा अर्थ धरिला तर ते पुस्तकाच्या बांधणीवर अवलंबून राहील! पूर्वी या शब्दास काही ठराविक गुणांचे क्षेत्र होते, आता हरएक वस्तूची स्तुती त्या एकाच शब्दात कोंबली जाते, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. त्याच्या बहिणीस ही अतिचिकित्सा रुचत नाही, आणि ती त्याच शब्दाच्या जुन्या अर्थाचा आधार घेऊन भावालाच टोमणा मारते. आमच्या मते येथे बहिणीची बाजूही विचारात घेण्यासारखी आहे. नायक ज्या अर्थास मूळचा मानतो, तो तरी मूळचा कोठे आहे? मूळचाच धरावयाचा तर पुस्तकास मूर्ख म्हणावे लागेल. शुद्धतावादी मनुष्य शब्दाच्या प्रवासातील आपणांस सोयीचा मुक्काम निवडतो आणि त्यासच उगमस्थान ठरवितो.

शंभराहून अधिक वर्षांनी, १९२६ साली, एच. डब्ल्यू. फाउलर या व्यासंगी पंडिताने आपल्या इंग्रजी वाक्प्रयोगांवरील कोशात हीच तक्रार पुन्हा नोंदविली. पण शब्दाचे व्यक्तिमत्त्व नाहीसे केल्याचा दोष त्याने स्त्रियांच्या माथी मारिला. हा न्याय नव्हे. ज्या शब्दाच्या सैलपणाची इतकी मार्मिक चिकित्सा एका स्त्रीने आधीच करून ठेविली होती, त्याबद्दल साऱ्या स्त्रीवर्गास दोषी धरणे पंडितास शोभत नाही.

व्यवहारात या शब्दाचा उपयोग आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पाहुण्याने निरोप घेताना, अनोळखी मनुष्याशी दोन शब्द बोलताना, अशी सुटी नाणी खिशात असावीत. इंग्रज माणूस तर तोच शब्द उपरोधाने वापरून झालेल्या घोटाळ्यासही ‘नाइस’ म्हणतो, आणि ऐकणारास स्वरावरून अर्थ कळतो. आमची हरकत आहे ती अभिप्रायाच्या जागी हे नाणे चालविण्यास.

आपल्या मराठीकडेच पाहा. घर टुमदार असते, अक्षर वळणदार असते, थालीपीठ खमंग असते, मूर्ती रेखीव असते, कीर्तन रसाळ असते. यांतील प्रत्येक शब्द उच्चारण्यापूर्वी त्या वस्तूकडे क्षणभर पाहावे लागते, तिची चव घ्यावी लागते. ‘नाइस’ किंवा त्याचे मराठी भावंड ‘छान’ म्हणावयास पाहण्याचीही गरज नाही. मोबाइलवर आलेल्या छायाचित्रास ते न उघडताच ‘नाइस’ असे उत्तर धाडता येते, आणि कित्येक पुस्तकांची परीक्षणेही याच रीतीने लिहिली जात असावीत, अशी शंका आम्हांस वारंवार येते.

यात हानी कोणाची? ज्याची स्तुती झाली त्याचीच. मुलगी आपला निबंध घेऊन आईबापांपुढे येते, तेव्हा तिला स्तुतीहून अधिक एक गोष्ट हवी असते. ती म्हणजे कोणीतरी तो खरोखर वाचला याची खूण. पावसाचे वर्णन चित्रदर्शी उतरले आहे, पण शेवट घाईचा झाला आहे, एवढे म्हणावयास दोन मिनिटे लागतात. ‘छान’ म्हणून वही परत दिली की ती दोन मिनिटे वाचतात, आणि मुलगी मात्र पुढच्या वेळी वही दाखविण्यास येईलच असे नाही. कवी, गवई, सुगरण, सर्वांची गोष्ट हीच. म्हणून आमचे वाचकांस इतकेच सांगणे की, निरोपाच्या वेळी हा शब्द खुशाल खर्चावा. परंतु कोणी आपल्या श्रमाचे फळ पुढे ठेवून मत विचारीत असेल, तर त्यास निदान एक नेमका शब्द शोधून द्यावा.