अंगावरचे दूध की डब्याचे?

एचआयव्हीबाधित आईने बाळाला अंगावर पाजावे काय? 'मुळीच नाही', असे उत्तर आपण चटकन देऊन मोकळे होतो. विषाणू दुधातून बाळाकडे जातो, म्हणून दूध बंद करा. तर्क सरळ दिसतो. पण तो अपुरा आहे. बोट्स्वाना देशातील 'माशी' चाचणी हेच दाखवते. ('माशी' म्हणजे तिथल्या त्स्वाना भाषेत दूध!)

चाचणीचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. १२०० बाधित मातांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट केले होते. एका गटातील बाळांना डब्याचे दूध दिले. दुसऱ्यातील बाळांना अंगावरचे दूध आणि जोडीला सहा महिने झिडोव्हुडिन हे औषध. सात महिन्यांअखेर डब्याच्या दुधावरील ५.६ टक्के, तर अंगावर पिणारी ९ टक्के बाळे बाधित झाली होती. इथेच थांबलो तर डबा जिंकला! पण दगावलेली बाळे मोजताच चित्र उलटते: डब्याच्या दुधावर ९.३ टक्के, अंगावरच्या दुधावर ४.९ टक्के. जुलाब आणि न्यूमोनिया ही मृत्यूची प्रमुख कारणे होती. आईच्या दुधातील प्रतिपिंडे डब्यात नसतात. अठरा महिन्यांअखेर 'बाधित किंवा मृत' अशी एकत्र मोजणी केली, तेव्हा प्रमाण १३.९ आणि १५.१ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच निघाले.

या चाचणीचे मोल आम्हाला वाटते ते यासाठी, की काय मोजायचे हा प्रश्न तिने नीट विचारला. केवळ विषाणू टळणे पुरेसे नाही, बाळ जगलेही पाहिजे.

मात्र हे आकडे आजच्या आईला लावणे चूक ठरेल. त्या वेळी बहुतेक मातांना स्वतःसाठी पूर्ण औषधोपचार मिळत नव्हता. पुढे 'प्रॉमिस' चाचणीत (निष्कर्ष २०१८) आईला किंवा बाळाला नियमित औषध दिले गेले. पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयही तिच्यात सहभागी होते. तेथे वर्षाअखेर दुधातून झालेली लागण सुमारे ०.६ टक्केच आढळली. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१६ चा सल्लाही असाच आहे: आईने औषधे नियमित घ्यावीत, पहिले सहा महिने निव्वळ अंगावर पाजावे आणि पूरक आहारासह निदान वर्षभर पाजत राहावे.

तेव्हा शिक्षकहो, 'एचआयव्ही आईच्या दुधातून पसरतो' हे वाक्य वर्गात एकटे सोडू नका. ऐकणाऱ्यांत अशा आईचे मूलही असू शकते. उपचाराविषयीचे दुसरे वाक्य त्याला लागूनच सांगा.