खांडववन सात वेळा विझवलं होतं

मंडळी, आजचा विषय वणवा आहे, पण सुरुवात ‘युगान्त’पासून करतो. इरावती कर्वे यांच्या या १९६७ सालच्या पुस्तकातलं ‘मयसभा’ हे प्रकरण तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. खांडववनाच्या दहनाकडे बाई भक्तिभावानं बघत नाहीत. त्या सरळ विचारतात, की कृष्णार्जुनांनी एवढं निर्घृण काम केलं कशासाठी? त्यांचं उत्तर आहे, जमिनीसाठी. नवं राज्य वसवायचं, त्याला रान मोकळं हवं, आणि तिथं आधीपासून राहणारे त्याच्या आड येत होते. मराठी समीक्षेतल्या धीट लेखनाचा हा नमुना आहे, असं मी वर्गात कायम सांगत आलो.

तरी माझी एक तक्रार आहे. आग कोणी लावली आणि कशासाठी, इथवर ही चिकित्सा येते आणि थांबते. जळलं काय, आणि जळण्यासारखं एवढं साठलं कसं, हे कोणी विचारत नाही. महाभारताच्या प्रचलित पाठात एक तपशील आहे. अग्नीनं हे वन जाळायचा प्रयत्न आधी सात वेळा केला होता. हत्तींनी सोंडेत पाणी भरून आणलं, नागांनी पाणी ओतलं, सातही वेळा आग विझली. त्यानंतरच्या खेपेला पेटलं ते जवळपास सगळं घेऊन गेलं. (हा मी वनशास्त्राचा पुरावा म्हणून सांगत नाही. नाहीतर उद्या कोणी म्हणायचं, सगळं आपल्या पोथ्यांत होतंच!) पण कथा रचणाऱ्याला विझवण्याची मोजदाद ठेवावीशी वाटली, हे टीकाकारानं सोडून देऊ नये.

आमच्या न्यायशास्त्रात डोंगर, धूर आणि आग हे उदाहरण पहिल्याच धड्यात येतं. धूर दिसला की आग आहे, हे अनुमान बरोबर. उलट मात्र चालत नाही. आग आहे म्हणून धूर असेलच असं नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धूर व्हायला ओलं इंधन लागतं. नैयायिक याला ‘उपाधी’ म्हणतात, म्हणजे न सांगितलेली, आड दडलेली अट. वणव्याच्या आपल्या सगळ्या चर्चेत हीच अट गळते. काडी दिसते, इंधन दिसत नाही.

आता कागदावरचं बघू. १९२७च्या भारतीय वन अधिनियमाचं कलम २६ राखीव वनात आग लावणं गुन्हा ठरवतं. त्यामागचा विचार जुना आहे. १८६०च्या दशकात सातपुड्यात, मेळघाटाच्या पलीकडच्या बोरीच्या जंगलात, इंग्रज अधिकाऱ्यांनी आगीपासून संरक्षणाचा प्रयोग सुरू केला. सागाला आग शत्रू, असं गृहीत होतं. पण ब्रह्मदेशातल्या काही सागवान पट्ट्यांत आग बंद केल्यावर खाली बांबू आणि झुडपं माजली, सागाची नवी रोपं येईनात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या वनाधिकाऱ्यांनाच बंदी सैल करावी लागली. अमेरिकेत पश्चिमेकडच्या कोरड्या पाइनच्या जंगलांत हेच मोठ्या प्रमाणावर झालं. १९३५मध्ये नियम केला, की लागलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत आटोक्यात यायलाच हवी. तिथं पूर्वी जमिनीलगतची हलकी आग काही वर्षांनी फिरून जायची, पालापाचोळा आणि बारीक रोपं खायची, मोठी झाडं जाड सालीमुळं वाचायची. ती थांबली. खाली दाटी झाली, आणि मग लागलेली आग त्या दाटीवरून शिडीसारखी चढून शेंड्याला पोचू लागली. १९७८च्या सुमारास तो नियम सोडला, तोवर इंधन साठून बसलं होतं.

आपल्या उत्तरेला अजिंठ्याचा डोंगर आहे, त्याच रांगेत पश्चिमेकडे गौताळा अभयारण्य. तिथं पाइन नाही. पानगळीचं रान आहे, गवत आहे. इथला पाचोळा दर उन्हाळ्यात नवा पडतो, म्हणून अमेरिकेचं गणित जसंच्या तसं इथं लावता येत नाही. पळस, टेंभुर्णी वरून जळाली तरी बुडातून फुटतात. पण आग दरवर्षी लागली तर कोवळ्या रोपांना मान वर काढायला वेळच मिळत नाही. आणि मराठवाड्यात जळालेलं गवत म्हणजे गेलेला चारा, हे इथं बसलेल्यांना मी काय सांगावं? घाणेरी माजलेली असेल तर प्रश्न आणखी वेगळा.

वनखातंही आग लावतंच. उन्हाळा तापण्याआधी जाळरेषा काढतात, म्हणजे ठरवलेल्या पट्ट्यातलं गवत आपणच जाळून मोकळं करतात. मोहाची फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवणारी बाईही इंधनच हटवत असते. तिची आग बहुधा उशिरा लागते, मार्च-एप्रिलमध्ये, आणि पुढं पळते. हा दोष खरा आहे. पण एकीच्या कामाला व्यवस्थापन आणि दुसरीच्या कामाला नुसता गुन्हा म्हटलं, की तिच्याशी वेळेबद्दल बोलायची सोयच राहत नाही. फेब्रुवारीत, पहाटेच्या दवात, पाला झाडून बाजूला कर आणि मग ढीग पेटव, हे तिला कोण सांगणार? ती तर लपून पेटवते आणि निघून जाते.

बाईंच्या प्रकरणाकडे परत येतो. खांडवाच्या कडेला कृष्णार्जुन उभे होते ते जीव सुटू नयेत म्हणून. जाळरेषेवर माणूस उभा असतो तो आग सुटू नये म्हणून. दोन्हीकडे आग, दोन्हीकडे राखणदार. इरावतीबाईंच्या संतापात मी पूर्ण सहभागी आहे, त्यातला एक शब्दही कमी करू नये. फक्त ते प्रकरण पुढच्या वेळी वाचाल तेव्हा शेजारी त्या सात खेपा मांडून वाचा, आणि विझवणाऱ्या हत्तींनाही एकदा प्रश्न विचारा.