अजिंठ्याची रेषा आणि रूपाचा आभास

चित्र हुबेहूब असावे की त्यात चित्रकाराचा कुंचला दिसावा, हा वाद युरोपीय कलाशाळांतून आपल्याकडे आला असे सामान्यतः मानले जाते. आमच्या मते अजिंठ्याच्या भिंतींनी त्याचे उत्तर पाचव्या शतकातच दिले आहे.

पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाची भुवई एका झोकात ओढलेली आहे. रेषा स्वतःला लपवीत नाही. तरीही नाक, ओठ व हनुवटी यांवरील उजळ रंगामुळे मुखाला गोलाई येते. याचे मूळ तंत्रात आहे. भाताचे तूस मिसळलेल्या मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ थर देऊन कोरड्या भिंतीवर हे रंगकाम होई. आधी गेरूची बाह्यरेषा, मग रंग, अखेरीस पुन्हा रेषा. रूपाचा भार रेषेनेच वाहिला.

जॉन ग्रिफिथ्स यांनी जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात या चित्रांच्या प्रती तैलरंगात केल्या. १८८५ च्या लंडनमधील आगीत त्यांतील बऱ्याच नष्ट झाल्या. या परिश्रमांचे ऋण मोठे आहे. परंतु तैलरंग सावकाश सुकतो, छटा एकमेकींत विरघळतात आणि रेषेची धार बोथट होते. प्रतीत रूप उतरते; हात उतरतोच असे नाही.

संयुत्तनिकायात चित्रकाराचा दृष्टांत आहे. लाख, हळद, नीळ, मंजिष्ठ घेऊन तो गुळगुळीत फळीवर, भिंतीवर वा वस्त्रावर सर्वांगपूर्ण स्त्री-पुरुष उभे करतो. आहाराविषयी तृष्णा असेल तेथे पुनर्भवही असाच रचला जातो. रूप हे संखत, म्हणजे घडविलेले, आहे. कुंचला लपविणारे चित्र हे घडविलेपण झाकते. दिसणारी रेषा ते मान्य करते. हा निष्कर्ष सुत्ताचा नव्हे, आमचा आहे.

प्रश्न केवळ कलेचा नाही. आपल्या विहारांत व घरांत गुळगुळीत, तेजोवलयांकित छापील बुद्धचित्रे दिसतात. त्यांपुढे हात सहज जोडले जातात, विचार मात्र थांबतो. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे नाकारले आहे. तो शास्ता चित्रातून पुन्हा देव होऊन यावा, हे आम्हांस मान्य नाही.

अर्थात निरीक्षणावाचून केलेले कुंचल्याचे प्रदर्शन हाही अहंकारच. आमच्या तरुण चित्रकारांनी पद्मपाणीची ती भुवई शांतपणे पाहावी आणि मगच तथागतांचे मुख रेखाटावे.