देवाचा कोप आणि माणसाची वकिली

एखादा माणूस चिडखोर असला म्हणजे त्याचा राग नाकावर असतो, असे आपण म्हणतो. यहुदी धर्मग्रंथांच्या हिब्रू भाषेत तर नाकाला आणि क्रोधाला एकच शब्द आहे : ‘अफ’. देव सहज कोपणारा नाही असे त्या ग्रंथांना सांगावयाचे असते तेव्हा ते त्याला शब्दशः ‘लांब नाकाचा’ म्हणतात. म्हणजे ज्याचा श्वास दीर्घ आहे, जो चटकन फुत्कारत नाही असा. आपल्या ओळखीचीच ही निरीक्षणशक्ती पाहून परक्या ग्रंथाविषयीचा दुरावा थोडा कमी होतो.

थोडाच कमी होतो, हेही कबूल केले पाहिजे. या नियतकालिकाच्या वाचकांपैकी अनेकांची कुलदैवते एके काळी साष्टीत किंवा तिसवाडीत होती आणि आज ती अंत्रुज महालात आहेत. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, वेर्ण्याची म्हाळसा मार्दोळला गेली, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला. मूर्तिपूजेवर देवाचा कोप आहे, या श्रद्धेचे हे परिणाम होत. तेव्हा त्या कोपाचे मूळ स्वरूप तपासण्याचा अधिकार आपल्याला जितका आहे तितका दुसऱ्या कोणाला क्वचितच असेल.

हा कोप मराठीत प्रथम सविस्तर आणला तो फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने. तो १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, दोन भाग : पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची यहुदी कथा, दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. त्याने ओवी मनापासून आत्मसात केली होती याविषयी मराठी समीक्षेत दुमत नाही. परंतु छंद आत्मसात करणे वेगळे आणि ज्यांचा तो छंद आहे त्यांची बाजू ऐकणे वेगळे.

यहुदी ग्रंथातील देवाचा क्रोध समजण्यास वकिली पेशाचा थोडा उपयोग होतो. तो क्रोध लहरी राजाचा नाही. तो करारभंगाचा क्रोध आहे. देवाने इस्राएल लोकांशी करार केला, त्यांनी तो मोडला, म्हणून तो संतापतो. आणि जेथे करार आहे तेथे बाजू मांडण्यासही जागा असते. सदोम नगरीचा नाश ठरला तेव्हा अब्राहाम देवापुढे उभा राहतो आणि विचारतो की, पन्नास नीतिमान निघाले तर? पंचेचाळीस? चाळीस? अशी घासाघीस करीत तो दहापर्यंत येतो आणि प्रत्येक वेळी देव मान्य करतो. दहाही निघाले नाहीत, हे पुढचे दुर्दैव. पण आरोपी परका, वकील स्वेच्छेने उभा राहिलेला आणि न्यायाधीश ऐकून घेणारा, असा हा प्रसंग जगाच्या वाङ्मयात दुर्मिळच म्हटला पाहिजे.

दुसरा प्रसंग अधिक मार्मिक आहे. मोशे पर्वतावर असताना लोकांनी सोन्याचे वासरू करून पूजिले. देव म्हणतो, मला अडवू नकोस, यांना मी नाहीसे करतो. मोशे त्याची विनवणी करतो, पूर्वजांना दिलेल्या वचनाची आठवण देतो आणि देवाचे मन पालटते. एवढे यश मिळवून मोशे खाली उतरतो, वासरू प्रत्यक्ष पाहतो आणि त्याचाच संयम सुटतो. हातातील आज्ञापट तो फोडून टाकतो आणि त्याच्या हुकमाने त्या दिवशी सुमारे ३००० माणसे कापली जातात. देवाचा राग शमविणाऱ्याला स्वतःचा राग आवरला नाही! देवापुढे वकील उभा होता. मोशेपुढे कोणी उभा नव्हता. मानवी आणि दैवी क्रोधातील सारा फरक मला या एका ठिकाणी दिसतो.

हा फरक ग्रंथकारांना ठाऊक होता. काईन भावावर जळू लागतो तेव्हा देव त्याला आधीच विचारतो की, तू का रागावलास? निनवे शहर देवाने वाचविले म्हणून योना प्रेषित रुसून बसतो, तेव्हा देव त्यालाही तसाच प्रश्न करतो आणि त्या शहरातील १,२०,००० जीवांकडे व गुराढोरांकडे बोट दाखवितो. येथे देव शांत आहे आणि भक्तच संतप्त आहे.

ख्रिस्ती ग्रंथांत क्रोध नाहीसा होत नाही. यहुद्यांचा देव कोपिष्ट व ख्रिस्ताचा पिता निराळाच, असे दुसऱ्या शतकात मार्सियन म्हणाला. चर्चने ते मत अव्हेरले. येशू मंदिरातील सराफांचे चौरंग उलथून टाकतो. वाळल्या हाताच्या माणसाला शब्बाथ दिवशी बरे करावे की नाही यावर गप्प बसणाऱ्यांकडे तो रागाने पाहतो. पण त्या रागात खेदही मिसळला होता, असे मार्काचे शुभवर्तमान सांगते. पौल तर सूड देवाचा आहे, तो तुम्ही घेऊ नका, अशी ताकीद देतो. वनपर्वात द्रौपदी योग्य वेळी न रागावणे हा दोष मानते आणि युधिष्ठिर क्षमेची थोरवी सांगतो. तोच वाद येथे निराळ्या पोशाखात चालू आहे.

आता स्टीफन्सकडे परत येऊ. त्याची पहिल्या पुराणाची मांडणीच अशी आहे की, यहुदी कथा ही तारणाऱ्याच्या आगमनाची प्रस्तावना ठरते. त्यामुळे कोप म्हणजे फेडावयाचे ऋण, एवढाच अर्थ ठसतो. अब्राहामाची घासाघीस आणि मोशेचा पराभव यांतील नैतिक पेच मागे पडतो. हा दोष एकट्या कवीचा नाही, काळाचाही आहे. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले. त्याआधी साष्टीतील देवळे पाडली गेली होती. त्यानंतर कुंकळ्ळीच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यावर बोलावून ठार करण्यात आले. पर्वतावरून उतरलेला मोशे सर्वांनी वाचला होता. पर्वतावर विनवणी करणारा मोशे त्या किल्ल्यावर कोणाला आठवला नाही. सूड देवाचा, ही पौलाची ताकीदही ज्यांच्या ग्रंथात होती त्यांनीच मोडली.

पण हे आरोपपत्र लिहून आपण मोकळे होत नाही. आमच्या जोयडा तालुक्यात काही अरिष्ट आले की देवाचा कोप झाला असे म्हणतात, आणि लगेच देवळात गाऱ्हाणे घालतात, कौल लावतात. कोपलेल्या देवापुढे साऱ्या गावाच्या वतीने बोलणारा माणूस आपल्याकडेही आहे. मात्र दुसऱ्याच्या देवाविषयी बोलताना आपल्याला हा मध्यस्थ आठवत नाही. कायद्यात दाव्याला मुदत असते, रागाला नसते. म्हणून इतिहास पूर्ण सांगावा, पण त्यातील क्रोध नातवंडांच्या नावे करून देऊ नये.

शिव आणि विष्णू युद्धास उभे ठाकले तेव्हा जी मध्ये उभी राहिली आणि जिने दोघांचे हात धरले, ती शांतादुर्गा. कुंकळ्ळीची तीच देवी आज फातर्प्याला आहे. दुसऱ्यांच्या क्रोधामुळे तिला घर सोडावे लागले. तिने आपले नाव मात्र बदलले नाही.