गेडचा रंग

मंडळी, उर्सुला ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही कादंबरी १९६८ ची. नायक गेड गॉन्ट बेटावरचा. गॉन्ट बरं का, गोंड नव्हे! शेळ्या राखणारं हे पोर पुढे मोठा जादूगार होतं. त्याचा वर्ण तांबूस-तपकिरी, जिवलग मित्र वेच काळा, आणि गावावर चालून येणारे कार्ग लोक गोरे, पिवळ्या केसांचे. पण गेडच्या रंगाचा लेखिका गाजावाजा करत नाही. आपण त्याच्या बाजूचे होऊन बसतो, मग तो सहज कळतो. मला खरं कसब इथं दिसतं.

आपल्या गोष्टींत राजकन्या गोरीपान, राक्षस काळाकुट्ट. गोंड राजांच्या या चंद्रपुरात, तिकडे गडचिरोलीत, सावळं पोर ती गोष्ट ऐकतं तेव्हा स्वतःला कुठं बघणार? राक्षसात?

एक मात्र खटकतं. गेडच्या मागे लागलेली भयाची सावली इथंही काळीच. पण शेवटी ती परकी ठरत नाही, त्याचीच निघते.

२००४ च्या दूरचित्रवाणी मालिकेत गेड गोरा केला गेला, तेव्हा लेखिकेनं जाहीर नाराजी मांडली. बरोबरच होतं ते. रंग बदलला तरी कथानक उरतं हो, पण त्या सावळ्या पोराची गोष्टीतली जागा जाते.