मंडळे नेमली काय, निवडली काय!

विकास मंडळांवरची माणसे निवडून आणावीत की नेमावीत, हा वाद तत्त्वाचा म्हणून मांडला जातो. मला तो तसा वाटत नाही. घटनेच्या ३७१(२) कलमाखाली १९९४ साली विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांसाठी मंडळे झाली. त्यांचे सदस्य राज्यपालांनी नेमायचे. ३० एप्रिल २०२० रोजी मुदत संपली. मार्च २०२१ मध्ये आघाडी सरकारचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत सांगून टाकले की, राज्यपाल विधान परिषदेची बारा नावे जाहीर करतील त्या दिवशी मंडळेही जाहीर होतील. मागास भागाला ओलीस धरले, असे विरोधी पक्ष ओरडला. आरोप खराच होता. पण राजभवनाने बारा नावे महिनोन्महिने अडवली होती, त्याचा जाब त्याने मागितला नाही. एका नेमणुकीच्या बदल्यात दुसरी नेमणूक! मराठवाड्यातला शेतमजूर या सौद्यात कुठे होता?

मग निवडणूक हा उपाय? ७४व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती दिली. तिचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नगरपालिकांच्या सदस्यांनी आपल्यातून निवडायचे. अध्यक्ष मात्र पालकमंत्री, म्हणजे सरकारने धाडलेला. २०२२ पासून बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले, तेव्हा निवडणाराच उरला नाही. निवडणुका लांबवल्या की झाले. कायदा बदलावा लागत नाही.

आणि निवडणूक झाली तरी निवडणारे कोण? राखीव जागेवरचा आमचा सदस्य आधी सवर्णांच्या मतांवर निवडून येतो, मग समितीवर जातो तो गटनेत्याच्या मर्जीने. पुणे कराराची चाळणी इथे दोनदा लागते. नेमणूक म्हटली की माझे विद्यार्थी नाक मुरडतात. त्यांना मी सांगतो, १९२७ साली बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात गेले ते सरकारनियुक्त सदस्य म्हणूनच. पण त्याच वर्षी महाडला त्यांच्यामागे समाज उभा होता. आजच्या नियुक्त सदस्यामागे फार तर पक्षाचा जिल्हाध्यक्ष असतो.

माझा खरा आक्षेप मोजपट्टीवर आहे. दांडेकर समितीने १९८४ साली सुमारे ३१८७ कोटींचा अनुशेष काढला, तो जिल्ह्याची पातळी राज्याच्या सरासरीशी ताडून. रस्ता गावात आला की जिल्ह्याच्या खात्यावर जमा. तो दलित वस्तीच्या अलीकडे थांबला, याची नोंद कुठे? सिंचनाचा अनुशेष भरला, तरी ज्याला शेतच नाही त्याच्या पदरात काय? १९५५ साली बाबासाहेबांनी मराठी मुलखाची चार राज्ये सुचवली, तेव्हा बहुसंख्य जातीखाली लहान जातींचे काय होईल, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. प्रादेशिक अन्यायाचे पुढारी, त्यात आमचेही आले, नेमका हा प्रश्न गाळून त्यांचे नाव घेतात.

सप्टेंबर २०२२ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने मंडळांच्या पुनर्स्थापनेचा निर्णय घेतला, तेव्हा पुन्हा चर्चा झाली ती कोणाची वर्णी लागणार याचीच. ३७१(२) प्रमाणे मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा लागतो. त्या अहवालात अनुशेष वस्तीनिहाय मांडा, ही मागणी अजून एकाही पक्षाच्या जाहीरनाम्यात माझ्या वाचनात आलेली नाही.