सदर साखळी आणि सदर आजोबा

आमचा भाचा संगणकवाला. परवा त्याने 'मामा, तुम्ही बँकेतले, जरा नजर टाका' म्हणून पेटंटच्या अर्जाचा मसुदा हातात ठेवला. विषय : कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवायला घेतलेली माहिती ब्लॉकचेनमध्ये नोंदवण्याची पद्धत. मी साधा बी.कॉम., पण वाचलेल्यावर मत न देणं आपल्या रक्तात नाही.

आधी शैली. पहिला दावा म्हणजे दीड पानाचं एकच वाक्य. त्यात इंग्रजी 'सेड', म्हणजे आपलं 'सदर', एकवीस वेळा! आमच्या हेड ऑफिसच्या परिपत्रककारांना हेवा वाटावा.

कथानक मात्र साधं. प्रत्येक नोंदीचा गणिती ठसा काढायचा, त्यात आधीच्या नोंदीचा ठसा गुंफायचा. मधलं एक अक्षर बदललं की पुढचे सगळे ठसे बोंब मारतात. ही कल्पना हेबर आणि स्टॉर्नेटा या दोघांनी १९९१ साली अमेरिकेत मांडली, १९९२ साली पेटंटही मिळवलं. १९९५पासून त्यांच्या कंपनीचा ठसा दर आठवड्याला 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये छापून येऊ लागला, तोही हरवले-सापडलेच्या छोट्या जाहिरातींत! घरोघरच्या रद्दीत जाऊन पुरावा कोण बदलणार? अख्ख्या अर्जात मला हीच जागा आवडली आणि नेमकी तीच भाच्याची नव्हे.

'मग यात नवं काय, रे?'

'मामा, ए.आय.साठी वापरलंय ना!'

म्हणजे आमटी तीच, वाटी नवी. आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(के) निव्वळ संगणक-प्रोग्रॅमला किंवा धंद्याच्या पद्धतीला दारात उभं करत नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेही २०१४ साली 'ॲलिस' खटल्यात सांगितलं, की अमूर्त कल्पना नुसती संगणकावर चढवली म्हणून पेटंटयोग्य शोध होत नाही. पण ते वकील बघतील.

माझी तक्रार एका वाक्याबद्दल आहे : 'सदर पद्धतीने माहिती विश्वासार्ह होते.' होत नाही! आमच्या शाखेत एका पेन्शनर आजोबांची नोंद 'मयत' अशी झाली. एकाने भरली, दुसऱ्याने तपासली. दुसरा मी. आजोबा काउंटरशी उभे आणि मी स्क्रीनकडे बघत विचारतोय, 'आपण त्यांचे कोण?' तीन महिने पेन्शन अडली. म्हातारा औषधं उधार आणत होता, हे मला मागाहून कळलं.

'साखळीत दुरुस्तीची नवी नोंद जोडता येते,' भाचा म्हणाला.

'येईल. पण आजोबा गेले असं शिकून बसलेल्या तुझ्या यंत्राला कोण सांगणार?'

तो बराच वेळ गप्प बसला. मग 'विश्वासार्ह होते' खोडून त्याने 'सदर नोंदीनंतर अपरिवर्तित राहते' असं लिहिलं.

'सदर' बावीस झाले.